गिअरबॉक्स उघडायच्या आधी

सकाळी 6.30

मे महिन्यात कुडव्यात गॅरेजचं खरं काम होतं सकाळी साडेसहा ते अकरा. पुढे पत्र्याखाली पडलेला पाना हातात धरवत नाही आणि चारनंतरच पुन्हा जीव थाऱ्यावर येतो. म्हणून उन्हाळाभर शटर लवकर वर जातं. तेव्हा रस्त्यावरून उन्हाळी धानाचे ट्रॅक्टर आणि तेंदूपत्त्याचे ट्रक सुरू झालेले असतात. कुडवा गोंदिया शहराला लागून. त्यामुळे माझ्या अंगणात ट्रॅक्टर, राईस मिलचा ट्रक आणि कोणाची तरी नवी ऑटोमॅटिक गाडी शेजारी शेजारी उभी राहते.

आजची मुख्य गाडी काल संध्याकाळपासून शेडमध्ये आहे. मर्सिडीज-बेंझ 300 डी, 1984 सालची, पाच सिलिंडरचं डिझेल, चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कंपनीच्या भाषेत डब्ल्यू 123. मालक राईस मिलवाले. त्यांच्या वडिलांनी ती दिल्लीहून आणली होती. परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकायला काढायची, त्यांतली ही एक.

"मिस्त्री, गाडी झटके मारून राहिली," एवढंच सांगून शेठ निघाले होते. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि विचारत गेलो. झटका कोणत्या गिअरला? गाडी थंड असताना की तापल्यावर? हलक्या पायाने की दाबून रेस दिल्यावर? एकाएकी सुरू झाला की हळूहळू वाढला? कार्डावर शेवटी तीन ओळी उतरल्या. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना जोरात धक्का. डी मध्ये टाकताना दणका. आणि तिसरी ओळ त्यांनी उठता उठता सांगितली: चावी बंद केली तरी इंजिन पाच-सहा सेकंद चालूच राहतं. "ते काही नाही, जुनं डिझेल आहे, चालायचंच." मी तिसऱ्या ओळीखाली रेघ मारली.

एका गॅरेजने त्यांना दोन पर्याय दिले होते: गिअरबॉक्स उतरवून पूर्ण उघडा, नाहीतर काढून टाका आणि मॅन्युअल बसवा. दोन्हींचा खर्च ऐकून शेठ माझ्याकडे आले.

सकाळी 7.00

गाडी रात्रभर ठेवून घेण्याचं कारण हे, की थंड गिअरबॉक्स जे सांगतो ते गरम झाल्यावर सांगत नाही. रात्री खाली पुठ्ठ्याचा मोठा तुकडा पसरून ठेवला होता. सकाळी त्यावर इंजिनाखाली एक काळा डाग आहे, गिअरबॉक्सखाली काहीच नाही. लाल डाग असता तर ऑटोमॅटिकचं ऑइल गळतंय हे कळलं असतं, आणि डागाच्या जागेवरून कोणतं सील तेही.

हीटर प्लगचा दिवा विझू दिला, सेल्फ मारला, इंजिन धरलं. ब्रेकवर पाय ठेवून आर, मग एन, मग डी. इथे घड्याळ बघायचं नसतं, कान द्यायचा असतो. लिव्हर डी मध्ये गेल्यावर गाडी दोन-तीन सेकंद नुसतीच उभी राहिली आणि मग हलली, तर आतला दाब कमी आहे: ऑइल कमी, फिल्टर तुंबलेला किंवा सील कडक झालेले. ही गाडी उलट वागते. लिव्हर सरकवला की लगेच दणका देऊन पकडते. म्हणजे पंपाला दम आहे, क्लचच्या प्लेटा पकडतात. दाब कमी नाही, हवा त्यापेक्षा जास्त आहे.

आयटीआय केलेला माझा मोठा हेल्पर स्कॅनर घेऊन आला होता. "मिस्त्री, पोर्ट कुठं आहे?" या गाडीत पोर्ट नाही, कारण विचारायला आत कॉम्प्युटरच नाही. कधी गिअर बदलायचा हे ठरवतं ते दाबाखालचं ऑइल, झडपांच्या भुलभुलैयातून फिरणारं. त्या ऑइलपर्यंत तीन बातम्या पोहोचतात. गाडी किती वेगात आहे, ही बातमी गव्हर्नर आणतो. ॲक्सिलरेटर किती दाबलाय, ही बाउडन केबल आणते. इंजिनावर भार किती आहे, हे व्हॅक्युम मॉड्युलेटर सांगतो. गिअरबॉक्स या तिघांवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. बातमी खोटी आली तरी तो तिच्याप्रमाणेच वागतो, आणि लोक म्हणतात गिअरबॉक्स गेला.

आजचं काम एवढंच: तो गेलाय की त्याला कोणी खोटं सांगतंय?

सकाळी 7.45

गाडी घोड्यांवर घेतली. गिअरबॉक्सला हात लावण्याआधी त्याच्या आसपासची चौकशी. दणका देणाऱ्या बऱ्याच गोष्टी गिअरबॉक्सच्या बाहेर असतात.

पहिलं, प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेले रबरी जॉइंट. त्यांना चिरा पडल्या की गाडी पकडताना असाच ठोका देते. हाताने शाफ्ट पिळून पाहिला. जॉइंट जुने आहेत, पण चिरलेले नाहीत. दुसरं, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग. मागचं माउंटिंग थोडं बसलंय, कार्डावर नोंद केली. तिसरं, लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या रॉडचे प्लास्टिक बुश. हे झिजले की वर लिव्हर डी दाखवतो आणि खाली झडप अर्धवट जागी बसते. इथे बुश कोणीतरी अलीकडेच बदललेले दिसतात. चौथं, इंजिनाची आयडल. ती चढवून ठेवलेली असली तर डी मध्ये टाकताना दणका बसणारच. 300 डी ला सातशे-आठशेच्या घरात आयडल चालते. या मॉडेलच्या डॅशबोर्डवर आरपीएमचं मीटर नाही, त्या जागी मोठं घड्याळ आहे. म्हणून पुलीवर चमकपट्टी चिकटवून हातातल्या मीटरने मोजली. ठीक आहे.

खाली पडल्या पडल्या मॉड्युलेटरही पाहून घेतला. गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला छोटा डबा, टोकाला रबरी टोपी, आणि टोपीखाली टी आकाराची चावी. ती अर्धा फेरा फिरवली की आतला दाब बदलतो. धक्का मारणारी गाडी आली की ही चावी फिरवून "मऊ" करून देण्याचा मोह फार मोठा, कारण दहा मिनिटांत गिऱ्हाईक खुश होतं. मूळ कारण दुसरीकडे असेल तर मात्र पुढे कधीतरी ते कारण दूर होतं, दाब गरजेपेक्षा खाली जातो, गिअर बदलताना प्लेटा घसरायला लागतात आणि चांगला गिअरबॉक्स जळतो. या गाडीच्या टोपीवर धुळीचा जाड थर आहे. इथे कोणाचा हात लागलेला नाही, हे बघून बरं वाटलं.

सकाळी 8.30

ऑइल मोजण्यासाठी गिअरबॉक्स कामाच्या तापमानाला हवा, साधारण 80 अंश. म्हणून मोजणी आणि ट्रायल एकत्रच. तिरोड्याच्या दिशेने गाडी काढली, हेल्पर वही घेऊन शेजारी.

आधी हलका पाय. कोणत्या वेगाला कोणता गिअर पडला, पोरगा लिहितो. मग मध्यम पाय. मग रस्ता मोकळा बघून पूर्ण दाबून. मग वेग धरून असताना पेडल तळापर्यंत, म्हणजे किकडाउन. पेडलखालचा स्विच लागतो, गिअरबॉक्समधला सोलेनॉइड खेचला जातो आणि गाडी एक गिअर खाली येते. ते बरोबर चाललं.

वही वाचली की चित्र साफ होतं. हलक्या पायाला गिअर उशिरा पडतात आणि धक्का जबर. पूर्ण दाबल्यावर गिअर बदलतात ते अगदी जसे बदलायला हवेत तसे. म्हणजे गाडी हलक्या पायालाही असं वागते की जणू चढावर भरलेली ट्रॉली ओढतेय. इंजिन गरगरून मग गिअर पकडणं, जे प्लेटा घसरल्याचं लक्षण, ते कुठेच नाही. मागे जायचा गिअर घट्ट आहे.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून धरून डी मध्ये पूर्ण रेस देऊन आरपीएम किती चढतो ते बघणं, मी केली नाही. पाच सेकंदांच्या आत संपवावी लागते, तेवढ्यातही ऑइल भयंकर तापतं. प्लेटा घसरल्याचा संशय असेल तरच ती करावी. इथे पुरावा उलट बाजूचा आहे.

परत आलो. सपाट जागा, इंजिन चालू, लिव्हर पी मध्ये, डिपस्टिक बाहेर. पुसायला कॉटन वेस्ट चालत नाही. त्याचा एक धागा आत गेला तरी झडपेत अडकतो. सुती नव्हे, धागा न सोडणारं फडकं. कमाल आणि किमान खुणांमध्ये फरक जेमतेम 300 मिलीचा, तेव्हा अंदाजाने ओतण्याचं हे काम नाही. जास्त भरलं तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसाला दाब धरता येत नाही. थंड गाडीत ऑइल किमान खुणेच्याही साधारण 30 मिलिमीटर खाली दिसतं, असं पुस्तक सांगतं; पण ते 20 ते 30 अंशांना. मेमध्ये इथे पहाटेच पारा तिथे टेकलेला असतो, म्हणून मी थंड मोजणीच्या भरवशावर राहत नाही.

पातळी ठीक. रंग लालसर तपकिरी, वास जुना पण जळका नाही. गुलाबी दुधट असता तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी मिसळलं असतं, आणि तेव्हा मी स्वतःच गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं असतं.

सकाळी 10.15

मधे दोन कामं. राईस मिलच्या ट्रकचा एअर पाइप. तो धाकट्याने उरकला. आणि एक छोटी एएमटी गाडी, जी चौकात मधेच न्यूट्रलमध्ये जाते. इथे स्कॅनर लागला, दोन कोड आले, क्लचच्या ॲक्च्युएटरकडे बोट दाखवून मोकळा झाला. 2014 पासून भारतात एएमटी आली आणि गावोगावी "ऑटोमॅटिक" हा शब्द पोहोचला. पण त्या गाडीत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लचप्लेट असते, फक्त पाय आणि हात मोटरचे. शेठच्या मर्सिडीजमध्ये क्लचप्लेट शोधणारा पोरगा इथूनच तयार होतो. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून त्याला फरक दाखवायची संधी आज मिळाली.

कोडसुद्धा कारण सांगत नाही, हे मी त्याला वारंवार सांगतो. तो फक्त कोणाची बातमी पटली नाही एवढंच सांगतो. तपासायचं आपणच.

सकाळी 11.00

आता व्हॅक्युम. ऊन चढलंय, कूलर गाडीच्या तोंडावर लावला.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटल असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्युम तयार होतो. भार वाढला की तो कमी होतो. मॉड्युलेटरला आयती बातमी मिळते. या डिझेलमध्ये थ्रॉटलची पाकळीच नाही. म्हणून कंपनीने इंजिनाच्या पुढे एक व्हॅक्युम पंप बसवला आणि इंजेक्शन पंपावर एक झडप. पाय हलका असताना झडप मॉड्युलेटरला भरपूर व्हॅक्युम देते, गिअर मऊ पडतात. पाय दाबत गेलो की व्हॅक्युम घटत घटत शून्यावर येतो, गिअर घट्ट पकडतात. व्हॅक्युम कुठे गळत असेल तर गिअरबॉक्सला सतत एकच बातमी जाते: भार पूर्ण आहे, जोर लाव.

त्याच पंपाच्या व्हॅक्युमवर या गाडीत आणखी तीन कामं चालतात. ब्रेकचा बूस्टर. चारही दरवाजे, डिकी आणि डिझेलच्या झाकणाचं सेंट्रल लॉकिंग. आणि चावी फिरवल्यावर इंजेक्शन पंप बंद करून इंजिन थांबवणं. कार्डावरच्या तिसऱ्या ओळीखाली रेघ मारली ती याचसाठी. जो व्हॅक्युम इंजिन थांबवतो, त्याच्याच भावकीतला व्हॅक्युम गिअरबॉक्सला जातो. दोन्हीकडे एकाच वेळी तक्रार आली, तर आधी समाईक जागी बघायचं.

पहिली तपासणी मॉड्युलेटरची. रबरी नळी काढून आत बघितलं. लाल ऑइल आलेलं असतं तर डायफ्राम फाटलेला असता आणि पंप हळूहळू गिअरबॉक्सचं ऑइल ओढून इंजिनात सोडत असता. बाहेर थेंब नाही आणि पातळी मात्र घटतेय, असं कोडं त्यातूनच तयार होतं. नळी कोरडी आहे. हातपंपाने डब्यावर 15 इंच पाऱ्याइतका व्हॅक्युम ओढला. काटा जागचा हलला नाही. मॉड्युलेटर शुद्ध आहे.

आता त्या नळीवर गेज लावून इंजिन चालू केलं. आयडलला जेमतेम पाच इंच. तेच गेज थेट पंपापाशी लावलं: वीसच्या वर. पंप उत्तम, मॉड्युलेटर उत्तम, मधे कुठेतरी चोरी.

एकेक फाटा बंद करत जायचं आणि दर वेळी गेज वाचायचं. एका वेळी एकच. दोन नळ्या एकदम काढल्या की गुन्हेगार कोणता ते कधीच कळत नाही. इंजिन थांबवण्याचा फाटा बंद केला, काटा ढिम्म. लॉकिंगला जाणारी पिवळी नळी काढून तोंडात बुच घातलं, आणि काटा बाराच्या पुढे गेला. पोरगा म्हणाला, "दरवाज्याचं लॉक आणि गिअरबॉक्स? कायचा काय संबंध!" मी चावी फिरवायला सांगितली. इंजिन जागच्या जागी बंद.

या गळतीने ब्रेक का गेले नाहीत, हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि चांगला प्रश्न. मुख्य जाड नळी बूस्टरला जाते. बाकीचे फाटे बारीक छिद्रातून आणि एकदिशा झडपेतून घेतलेले आहेत. फाटा कितीही गळला तरी ब्रेकचा वाटा आधी निघतो. हे ज्याने आखलं त्याला माहीत होतं, की रबर एक ना एक दिवस फाटणारच आहे.

दुपारी 1.00

शटर अर्धं खाली, डबे उघडले. भात, वरण, आणि कैरीचं पन्हं. लाइन गेली, त्यामुळे गप्पाच.

ऑइलच्या साहाय्याने फिरवण्याची शक्ती द्यायची कल्पना मोटारीसाठी निघालीच नव्हती. जर्मनीत हेर्मान फोटिंगर नावाचा इंजिनिअर जहाजाच्या कारखान्यात होता. वेगाने फिरणारी टर्बाइन आणि हळू फिरणारा पंखा जोडायचा प्रश्न त्याने द्रवाने सोडवला आणि 1905 मध्ये पेटंट घेतलं. मोटारीत मोठ्या प्रमाणावर पूर्ण ऑटोमॅटिक आणला तो अमेरिकेच्या जनरल मोटर्सने. 1939 च्या शेवटाला ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक मिळू लागला. 1950 मध्ये शेव्हरलेटने दोन गतींचा पॉवरग्लाइड काढला. पुढे मुंबईत सिनेमावाल्यांच्या अंगणात ज्या लांबलचक इम्पाला उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी गाड्यांत हाच गिअरबॉक्स. मर्सिडीजने स्वतःचा चार गतींचा ऑटोमॅटिक आणला 1961 मध्ये.

डब्ल्यू 123 ची मालिका 1976 पासून दहा वर्षं चालली आणि सुमारे 27 लाख गाड्या निघाल्या. आफ्रिकेत, अरब देशांत ती टॅक्सी म्हणून वापरली गेली. म्हणून तिचे सुटे भाग अजून निघतात. आपल्याला दुसराही एक फायदा झाला. तिच्यानंतरची डब्ल्यू 124 पुण्याजवळ पिंपरीला टेल्कोच्या आवारात 1995 पासून जोडली जाऊ लागली. या दोन्ही पिढ्यांत गिअरबॉक्सचं कूळ एकच, त्यामुळे ऑइलचा फिल्टर आणि चेंबरचं पॅकिंग महाराष्ट्रात शोधलं तर मिळतं. माझ्या फडताळात एक संच त्यासाठीच ठेवलेला आहे.

पोराने विचारलं, ही व्हिंटेज आहे का? सरकारच्या लेखी नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं ओलांडलेली, मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदता येते आणि तिला व्हीए अक्षरांची पाटी मिळते. या गाडीची पन्नाशी 2034 मध्ये. तोवर ती आरटीओच्या दृष्टीने नुसतीच जुनी गाडी, दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची.

दुपारी 2.30

उन्हात बाहेरची कामं बंद. दरवाज्याचं काम सावलीत होतं.

लॉकिंगची गळती कुठे आहे, याचा पहिला माग गाडीच देते. ड्रायव्हरच्या दरवाज्यातली झडप व्हॅक्युम दोन नळ्यांत वाटते, एक लॉकची, एक अनलॉकची. बाकीच्या दरवाज्यांत दोन्ही बाजूंनी ओढणारे डायफ्राम. गेज लावून ड्रायव्हरचं लॉक दाबलं, काटा धाडकन खाली. उघडलं, काटा थोडा वर. गळती लॉकच्या बाजूची. मग चारही दरवाज्यांच्या खुंट्या बघितल्या: मागचा डावा दरवाजा सगळ्यांत उशिरा आणि अर्धवटच खाली बसतो.

पॅनल काढताना घाई केली की चाळीस वर्षांच्या क्लिपा तुटतात. आर्मरेस्टचे स्क्रू, हँडल, मग पॅनल वर उचलून. आतला जुना प्लास्टिकचा पडदा फाडायचा नाही. पावसाचं पाणी तोच अडवतो. डायफ्राम हाती आला. हातपंपाने ओढलं तर काटा वर चढतो आणि डोळ्यांदेखत खाली येतो. रबर बाहेर काढून उजेडात धरलं: घडीवर बारीक चीर. या भागात पंचेचाळीस अंशांत बंद गाडी उभी राहिली की दरवाज्याच्या पत्र्याआड किती तापत असेल, याचा अंदाज करा. मागचा डावा दरवाजा तर शेठच्या मिलमध्ये रोज पश्चिमेचं ऊन खातो.

नवा डायफ्राम मुंबईहून मागवला. तो येईपर्यंत त्या दरवाज्याच्या दोन्ही नळ्यांना बुच. एक दरवाजा हाताने लॉक करावा लागेल, बाकी सगळं चालेल. रबरावर सोल्युशन चिकटवून भागवण्याचा आग्रह मी मानत नाही. ते पंधरा दिवसांत सुटतं, आणि तेव्हा झटका परत आल्यावर शेठला वाटेल गिअरबॉक्सच होता.

उरलेले दरवाजे, डिकी, डिझेलचं झाकण, सगळ्यांवर हातपंप लावून झाला. काटा धरतो.

दुपारी 4.15

आता ऑइल आणि फिल्टर. झटक्याशी यांचा संबंध नाही, हे शेठला फोनवर आधीच सांगितलं. पण ऑइल तपकिरी झालंय, शेवटचं कधी बदललं ते त्यांना आठवत नाही, आणि चेंबरच्या तळाशी काय साचलंय ते पाहिल्याशिवाय मी कोणत्याही ऑटोमॅटिकबद्दल छातीठोक बोलत नाही.

चेंबरचा प्लग काढला, ऑइल ट्रेमध्ये. मग इंजिन पान्याने फिरवत फिरवत टॉर्क कन्व्हर्टरचा प्लग जाळीपाशी आणला आणि तोही रिकामा केला. नव्या बऱ्याच गाड्यांत कन्व्हर्टरला प्लगच नसतो, निम्मं जुनं ऑइल आतच राहतं. पोराला कन्व्हर्टर दाखवला. पाती असलेला पंप इंजिनाबरोबर फिरतो आणि ऑइल समोरच्या टर्बाइनवर फेकतो. तिथून परतणारं ऑइल मधला स्टेटर वळवून पुन्हा पंपाच्या कामी लावतो. गाडी उभी असताना टर्बाइन थांबलेली, पंप फिरत असतो. म्हणून क्लच पेडल नसतानाही इंजिन बंद पडत नाही.

चेंबर उतरवला. तळाशी काळी मऊ राख, बोटावर घेतली तर शाईसारखी पसरते. ही क्लचच्या अस्तराची नेहमीची झीज. चमकणारे पितळी कण किंवा लोखंडाचे तुकडे दिसले असते तर बेअरिंग, बुश असं काही खायला लागलंय म्हणून इथेच थांबलो असतो. प्लास्टिकचे तुकडेही नाहीत. फिल्टर नवा, पॅकिंग नवं. चेंबरचे बोल्ट टॉर्क पान्याने 8 न्यूटन-मीटरला. दंडाच्या जोराने आवळले की पॅकिंग पिचकतं आणि तिथूनच गळायला लागतं.

भरताना आधी चार लिटर, मग इंजिन चालू करून बाकीचं थोडं थोडं. सगळं मिळून सहा लिटरच्या आसपास गेलं. शेवटची मोजणी गरम झाल्यावर.

संध्याकाळी 6.00

मिल सुटल्यावर शेठ आले. गाडी त्यांनाच चालवायला दिली. त्यांच्या पायाची सवय माझ्या पायाला नाही, आणि तक्रार त्यांच्या पायाची होती.

रस्ता तोच, वही तीच, पोरगा मागे. हलक्या पायाला दुसऱ्यातून तिसरा पडला तो शेठच्या लक्षातच आला नाही. "गेला का तिसऱ्यात?" चौथाही तसाच. मध्यम पायाला गिअर पडलेला जाणवतो, पण मान हलत नाही. पूर्ण दाबल्यावर सकाळसारखाच, आणि ते महत्त्वाचं. तिथे मऊ झाला असता तर काहीतरी जास्त सैल झालं असतं. लिव्हर डी मध्ये टाकला, गाडी हळूच बसली. चावी फिरवली, इंजिन लगेच बंद.

शेठना बॉनेट उघडून इंजिनावरचा लाल लिव्हर दाखवला, ज्यावर स्टॉप लिहिलंय. चावीने इंजिन थांबलं नाही तर हा दाबायचा. गाडी इतकी वर्षं घरात आहे, पण हा त्यांना कोणी दाखवला नव्हता. त्यांना आणखी एक सांगितलं: इंजिन बंद व्हायला वेळ लागायला लागला की झटक्याची वाट न बघता गाडी आणायची. व्हॅक्युम गळायला लागल्याची पहिली खबर तिथेच मिळते.

त्यांनी विचारलं, बाउडन केबल थोडी ढिली करून गिअर आणखी लवकर पाडता येतील का? येतील. आज करणार नाही. नवीन ऑइल, बंद केलेली गळती, एवढे बदल एका दिवसाला पुरे. पाचशे किलोमीटर चालवा, मग काय वाटतं ते सांगा. आज केबल हलवली आणि उद्या काही बिघडलं, तर कशाने बिघडलं हे मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी 7.15

हत्यारं मोजून पेटीत, कार्ड भरायला बसलो. केलेल्या कामांची यादी छोटी आहे: मागच्या डाव्या दरवाज्याचा व्हॅक्युम फाटा बंद, ऑइल, फिल्टर, पॅकिंग बदललं, मागचं माउंटिंग पुढच्या वेळी. त्याच्याखाली दुसरी यादी, जी मी प्रत्येक ऑटोमॅटिकच्या कार्डावर लिहितो. मॉड्युलेटरची चावी: हात लावला नाही. बाउडन केबल: हात लावला नाही. इंजेक्शन पंपावरची झडप: हात लावला नाही. आयडल: मोजली, बदलली नाही. सकाळचे आणि संध्याकाळचे गेजचे आकडे शेजारी शेजारी, आणि ट्रायलच्या वहीचं पान सोबत पिन केलं.

पुढे ही गाडी माझ्याकडे येईल किंवा नागपूरला दुसऱ्या कोणाकडे जाईल. तो जो कोणी असेल त्याला कळायला हवं, की कंपनीने लावून दिलेल्या कोणत्या गोष्टी अजून जागच्या जागी आहेत. जुन्या गाडीत निम्मा वेळ बिघाड शोधण्यात जात नाही, आधीच्या मिस्त्रीने काय काय फिरवून ठेवलं ते शोधण्यात जातो. कार्डाची एक प्रत शेठच्या हातात दिली आणि ती गाडीच्या कागदांबरोबर ठेवायला सांगितली.